निवृत्तीभाऊंच्या घरचा नारळ

...नाही, पण तुम्हीच सांगा, घरात नारळ आहे, चांगला आत पाणी वाजणारा नारळ आहे, डोळ्यांसमोर ठेवलेला आहे, आणि तरी कालवणात खोबरं नाही, ह्याला काय म्हणायचं? शालनवहिनींचा कांदा भाजून झालाय, लसूण सोलून झालाय, मिक्सरचं भांडं धुऊन पालथं घातलंय, आता नुसता हात लांब करायचा की नारळ हातात... आणि त्या नारळाच्या समोरूनच पोरगी ओरडते, "आई, हलवायचं नाही!" बरं, राहिलं. निवृत्तीभाऊ फस्ट शिफ्ट करून आलेत, घशाला कोरड पडलीय, म्हणतात तो तांब्या दे गं जरा... "पप्पा, हलवायचं नाही!" एक केळं तरी? "हलवायचं नाही!" अहो, तुम्हाला सांगतो, हे निवृत्तीभाऊ कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतात, फोर्कलिफ्ट! दिवसभर इकडचं उचलून तिकडं हलवायचं, त्याचाच पगार मिळतो त्या माणसाला, आणि घरी आला की स्वतःच्या घरातलं स्वतःचं केळं हलवायचं नाही!

थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस केळ्यावर काय अडून बसला.

तर हे मावळातल्या आमच्या इंदुरी गावचे निवृत्तीभाऊ. माझ्या घराला भिंतीला भिंत लागून, त्यामुळे मला काही ऐकायला जावं लागत नाही, आपोआप कानावर येतं. मला त्यात देणंघेणंही काही नाही, मी आपला जे झालं ते सांगतो. त्यांची एकुलती एक मुलगी समीक्षा. बारावी झाली, मार्क चांगले, आणि एक दिवस म्हणाली, पप्पा, मला चित्रकलेच्या कॉलेजात जायचंय. निवृत्तीभाऊंनी काय विचारावं? "न्हाई, पन ते शिकायचं असतं व्हय? येतं, न्हाईतर येत न्हाई!"  पोरगी रडली. शालनवहिनी दोन दिवस जेवल्या नाहीत, म्हणजे निवृत्तीभाऊंच्या समोर जेवल्या नाहीत. शेवटी तोडगा निघाला. चार वर्षांचं कॉलेज, पण आधी एक वर्ष कर. वर्षाअखेरीला तुझ्या मॅडमनं माझ्या तोंडावर सांगितलं पाहिजे की हिच्यात काहीतरी आहे. सांगितलं तर पुढं शीक. नाही सांगितलं तर गप बी.कॉम.ला बसायचं आणि रंगाच्या डब्या माळ्यावर टाकायच्या. पोरगी म्हणाली, चालेल.

आणि गावात काय सांगितलं माहितीये? कॉम्प्युटर! पारावर कुणी विचारलं, निवृत्ती, पोरगी काय करती रं, की हे म्हणणार, "कॉम्प्युटरचं हाय." कॉम्प्युटर हा फार सोयीचा शब्द बघा, त्याच्यात काहीही मावतं आणि पुढं कुणी विचारत नाही, कारण विचारणाऱ्यालाही माहीत नसतं. चित्रकला म्हटलं असतं तर? पहिला प्रश्न, म्हंजी ट्रकच्या मागं फुलं काढणार का? दुसरा प्रश्न, नोकरी कोण देतं? आणि तिसरा प्रश्न तोंडावर विचारत नाहीत, तो तुम्ही वळण घेऊन पलीकडं गेलात की मग विचारतात. निवृत्तीभाऊंना त्या तिसऱ्या प्रश्नाची भीती. माणूस वाईट नाही हो, पोरीवर जीव आहे, पण लोक काय म्हणतील म्हटलं की तोंडातून कॉम्प्युटर बाहेर पडतो. 

बरं, कॉलेजात शिकवलं काय? पहिले दोन महिने रेघा! आडव्या, उभ्या, तिरप्या... नंतर चौकोन. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत चौकोन, मधे राखाडीच्या पायऱ्या. निवृत्तीभाऊंनी कागद उचलून बघितला. म्हणाले, "ह्ये समदं येकच हाय." पोरगी म्हणाली, पप्पा, नीट बघा. नीट बघितलं. उजेडात नेऊन बघितलं. म्हणाले, "येकच हाय." त्यात पुन्हा कलेचा इतिहास! सकाळी सकाळी भिंतीपलीकडून मला ऐकू येणार, स्तूप, चैत्यगृह, विहार... मला पाठ झालं, पेपर मला दिला असता तरी मी लिहिला असता. त्यांच्या राजेश्वरी मॅडमनी सगळ्या वर्गाला भाज्याच्या लेण्यांत नेलं. आता भाजे म्हणजे आपल्याला काय, मळवलीला उतरायचं, पायऱ्या चढायच्या, फोटो काढायचे, खाली येऊन भजी खायची. मॅडमनी तासभर खांबांसमोर बसवलं. नुसतं बघा म्हणे! घरी येऊन पोरगी सांगते, "पप्पा, तिथले खांब आतल्या बाजूला कललेत. आधी लोक लाकडात बांधायचे ना, तेव्हा खांब असे कलते लावायचे. दगडात कोरताना त्याची काही गरज नव्हती, तरी सवयीनं तसेच कोरले." निवृत्तीभाऊ म्हणाले, "इतक्या बारीला गेलोय, मला कदी कलल्यालं दिसलं न्हाई." पोरगी सहज म्हणाली, "तुम्ही बघितलंच नाही, पप्पा."

हे त्यांना जरा लागलं. बोलले नाहीत काही, पण दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गोडाऊनमधले सगळे खांब निरखून आले. सरळ होते.

तर असं सगळं बरं चाललं होतं आणि मग ते आलं... वस्तुचित्र! मॅडमनी सांगितलं, घरी एक मांडणी करा. दहा दिवसांत त्याच मांडणीची, त्याच उजेडात, चार चित्रं करून आणा. एक पेन्सिलनं, एक कोळशानं, दोन रंगात. मांडणीत एक चकचकीत वस्तू पाहिजे, एक खरबरीत, एक गुळगुळीत, एक उंच, आणि खाली घड्या पडलेलं कापड. आणि एकदा मांडलं की काय? हलवायचं नाही! ह्याच्यावर वर्षाचे मार्क.

आता शेतकऱ्याच्या घरात चकचकीत काय असतं? तांब्याचा तांब्या. खरबरीत? नारळ. गुळगुळीत? केळी. उंच? समई. कापड म्हणजे शालनवहिनींचा लग्नातला हिरवा शालू. टेबल डुगडुगतं म्हणून चौरंग घेतला. पुढच्या खोलीत खिडकीचा उजेड एका अंगानं येतो म्हणून तो मांडला पुढच्या खोलीत, दारासमोर. आता जरा डोळे मिटा आणि मला सांगा... चौरंग, त्यावर हिरवा शालू, त्यावर तांब्या, नारळ, केळी आणि समई... काय दिसलं? दिसलं ना? तुम्हाला दिसलं, मला दिसलं, आख्ख्या मावळात कुणालाही दिसलं असतं, एकट्या त्या पोरीला दिसलं नाही! तिला दिसत होता उजेड आणि सावली. शिकल्याचा परिणाम.

आणि ती बसायची कशी? खिडकीतला उजेड सकाळी थोडाच वेळ बरा असतो, म्हणून ही लवकर उठून, अंघोळ उरकून, त्या चौरंगासमोर मांडी घालून. चहा नाही, नाष्टा नाही, बोलणं नाही. एक डोळा मिटलेला. उजवा हात ताठ पुढं केलेला, मुठीत पेन्सिल उभी, आणि पेन्सिलीवर अंगठा हळूहळू वर... हळूहळू खाली... अहो माप घेत होती ती, तांब्याच्या मानानं समई केवढी ते! पण दारातून बघणाऱ्याला काय वाटेल?

दारातून बघितलं रतनबाईंनी. रतनबाई म्हणजे निवृत्तीभाऊंच्या भावकीतल्या थोरल्या वहिनी. गावात बारसं असो नाहीतर दहावा, रतनबाई आल्याशिवाय पान हलत नाही. त्या आल्या होत्या विरजण मागायला. बघितलं आणि उंबऱ्यातच थबकल्या. चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला, आवाज न करता उभ्या राहिल्या. शालनवहिनी शेतावर. थोड्या वेळानं पोरगी ब्रश धुवायला मोरीकडं गेली, आणि रतनबाई आत आल्या. मांडणी बघितली आणि जीभ चावली. "आगं बया बया बया... पोरीला काय कळतंय, नारळ खालीच ठिवलाय!" आणि उचलला नारळ! देवघरातली विड्याची पानं घेतली, तांब्यात खोचली, वर नारळ बसवला शेंडी वर करून, तांब्याला कुंकवाची बोटं ओढली, हळद वाहिली, दोन फुलं ठेवली, समई लावली, हात जोडले... आणि विरजण विसरून निघून गेल्या.

पोरगी मोरीतून आली. तुम्हाला सांगतो, मी भिंतीपलीकडं चहा पीत होतो, माझा कप बशीबाहेर पडला अशी किंकाळी! तांब्याच्या पोटावर जिथं खिडकी चमकत होती, जी चमक धरण्यात तिची अख्खी सकाळ गेली, तिथं कुंकवाची बोटं. नारळ खालचा वर गेलेला. समई पेटलेली, म्हणजे प्रत्येक वस्तूला दोन-दोन सावल्या! पोरीनं फडकं घेतलं आणि पुसायला बसली, तेवढ्यात शालनवहिनी शेतावरून आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "समे! कुकू पुसत्यात व्हय गं?"

"आई, मला नारळ खाली ठेवायचाय!"

"मांडल्याला कलस मधीच उतरवत न्हाईत. हालवायचं न्हाई!"

घ्या! कालपर्यंत पोरगी म्हणत होती हलवायचं नाही, आणि आई म्हणत होती हलवू दे. आता आई म्हणते हालवायचं न्हाई, आणि पोरगी रडत म्हणते, अगं हलवू दे! नियम तोच बरं का, काना-मात्रेचा फरक नाही.

एवढ्यावरही मिटलं असतं. संध्याकाळी निवृत्तीभाऊ शिफ्टवरून येताना रतनबाई वाटेत भेटल्या, सोबत आणखी दोघीजणी. "भावजी, पोरीनं कसलं व्रत धरलंय म्हनायचं?" आता बघा, उत्तर किती सोपं होतं. चित्र काढायला मांडलंय! तीन शब्द. पण ते बोलायचं म्हणजे चित्र आलं, चित्र आलं म्हणजे चित्रकलेचं कॉलेज आलं, आणि कॉलेज आलं म्हणजे वर्षभराचा कॉम्प्युटर बंद पडला! निवृत्तीभाऊंनी गाडीचा आरसा नीट केला, घसा साफ केला आणि म्हणाले, "हाय आपलं... नऊ दिवसांचं हाय." नऊ का, तर दहा म्हटलं असतं तर खोटं वाटलं असतं.

मग काय विचारता! सकाळी बायका, संध्याकाळी बायका. कुणी जास्वंद आणली, कुणी दूर्वा, कुणी उदबत्तीचा पुडा. केळी रोज एक कमी व्हायला लागली, प्रसाद म्हणून, आणि उरलेली रोज जरा जास्त काळी पडायला लागली. तुम्हाला सांगतो, त्या पोरीनं एक दिवस केळं पिवळं रंगवलं, वाळवलं, दुसऱ्या दिवशी बघते तर केळंच नाही! मग तिनं पुठ्ठ्यावर मोठ्या सुंदर अक्षरात, कॉलेजात शिकवलेल्या वळणात, लिहून लावलं: हात लावू नये. झालं! मला सांगा, असली पाटी कुठं असते? गाभाऱ्यात! ज्यांना थोडाफार संशय होता त्यांचाही फिटला. बायका लांबून नमस्कार करायला लागल्या आणि फुलंही लांबूनच टाकायला लागल्या. लांबून टाकलेलं फूल कुठं पडेल ह्याचा काही नेम आहे? एक झेंडू गेला थेट पाण्याच्या मगात.

पोरगी बापाच्या मागं. "पप्पा, तुम्ही एकदा सांगा ना त्यांना."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो गं. सवड बघून सांगतो."

आता सवड म्हणजे काय एस.टी. आहे, फाट्यावर उभं राहिलं की येईल? रडून झालं, भांडून झालं, शेवटी ती पोरगी समोर जे दिसेल तेच काढायला लागली. आज नारळ वर, वर काढला. आज झेंडू, झेंडू काढला. वर्गातल्या परंदवडीच्या मैत्रिणीला, प्रतीक्षाला, फोन करून सांगत होती, मी ऐकत होतो, म्हणजे ऐकू येत होतं. प्रतीक्षाच्या घरी बुद्धवंदना, त्यांच्यात कलश-नारळ नाही, आणि तिनं मांडला होता कुकर, पितळी कुलूप, चादर आणि वडलांचं हेल्मेट. कुणी फूल टाकलं नाही, कुणी पाया पडलं नाही. अडचण एकच, वडलांना रोज कामावर जाताना हेल्मेट लागायचं. ती खडूनं खूण करायची, हेल्मेट ड्युटीवर जायचं आणि संध्याकाळी पुन्हा खुणेवर येऊन बसायचं. ह्याला म्हणतात घरच्यांचं सहकार्य.

आणि मग आला नववा दिवस. चौथं चित्र अर्धं झालेलं, एका सकाळचा उजेड फक्त पाहिजे होता. पण नऊ दिवसांचं व्रत म्हटल्यावर नवव्या दिवशी काय असतं? उद्यापन! निवृत्तीभाऊंनी सांगितलं नव्हतं, पण निवृत्तीभाऊंनीच सांगितल्यासारखं होतं. रतनबाई सकाळीच हजर, मागं सात-आठ बायका, शिऱ्याचं पातेलं घेऊन. आरती झाली. पोरगी म्हणतेय, काकू, एक तास... फक्त एक तास द्या... आणि रतनबाईंनी नारळ उचलला, उंबऱ्यावर धरला आणि फाट! पाणी उडालं ते कागदावर. बायकांनी शिरा खाल्ला, खोबरं वाटलं, शालू झटकून घडी घातली, तांब्या घासून फडताळात ठेवला. पुढच्या खोलीत एकटी पोरगी, रिकामा चौरंग आणि अर्धं चित्र; शेवटी तिनं त्यात फुटलेला नारळच काढून ते पुरं केलं. त्या दिवशी कालवणात खोबरं पडलं, पण घरात कुणाला गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सबमिशन. निवृत्तीभाऊ रजा टाकून सोबत गेले, कारण ठरलंच होतं ना, मॅडमनी तोंडावर सांगायचं. निगडीच्या पुढं कुठंतरी ते कॉलेज. राजेश्वरी मॅडमनी चारी चित्रं भिंतीला ओळीनं लावली आणि चष्मा वर करून बघत राहिल्या... बघत राहिल्या... निवृत्तीभाऊंना वाटलं ह्या पण आता हात जोडतात की काय! शेवटी म्हणाल्या, "समीक्षा, मी काय सांगितलं होतं? हलवायचं नाही. आणि इथं नारळ खाली आहे... इथं वर चढलाय... इथं ह्याच्यावर झेंडू आहे... आणि इथं तो फुटलाय! घरी नक्की झालं काय?"

पोरीनं एकदा बापाकडं बघितलं. फक्त एकदा. मग मॅडमना म्हणाली, "माझ्याकडून मांडणी हलली, मॅडम. चूक माझी."

निवृत्तीभाऊ तिथं, त्या रंगाच्या वासात, हातात हेल्मेट घेऊन उभे. हेल्मेटचा पट्टा लावत होते, काढत होते. मॅडम म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा. डोळा तर फारच चांगला आहे, हा तांब्या बघा, ह्याच्यातली ही चमक पहिल्या वर्षाच्या मुलाला दिसत नाही. पण ही एका मांडणीची चार चित्रं नाहीत. अशी मी घेऊ शकत नाही. दहा दिवस देते, पुन्हा कर. नाही जमलं तर वर्ष जाईल." मग निवृत्तीभाऊंकडं वळून म्हणाल्या, "तुमच्या मुलीत आहे काहीतरी. तेवढं घरात जरा सांभाळा."

म्हणजे बघा, जे ऐकायला आले होते ते ऐकायला मिळालं, आणि ऐकताना त्या माणसाला मान वर करता येईना.

येताना सोमाटण्याच्या फाट्याला चहाला थांबले. हे मला नंतर त्यांनीच सांगितलं, तेव्हा भिंत मधे नव्हती.  मग पोरगी चहाच्या कपात बघत म्हणाली, "पप्पा, मी प्रतीक्षाच्या घरी मांडू का? त्यांच्या पुढच्या खोलीत कोपरा आहे. तिथं कुणी हलवणार नाही." रागानं नाही हो म्हणाली. राग असता तर बरं झालं असतं, निवृत्तीभाऊंना उलट ओरडता आलं असतं. ती आपली साधं विचारत होती, एस.टी. किती वाजताची आहे विचारतात तसं. निवृत्तीभाऊ मला म्हणाले, "येक नारळ ठिवायला पोरीला बापाच्या घरात जागा न्हाई, असं झालं बगा." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी दुसरीकडं बघितलं. आपल्याला असल्या वेळी काय करावं कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चौरंग. पुन्हा तांब्या, नवा नारळ, नवी केळी, तीच समई, तोच शालू. आणि दारात स्टूल टाकून स्वतः निवृत्तीभाऊ. सेकंड शिफ्ट मागून घेतली! थोड्या वेळात रतनबाई आल्याच, हातात ताट, मागं दोघीतिघी, पारावरनं धोंडिबाआबाही काय चाललंय बघायला आलेले. "भावजी, पुन्यांदा धरलं व्हय व्रत?"

निवृत्तीभाऊ उठले. दारात आडवे उभे राहिले, मी बघत होतो. म्हणाले, "वैनी, थांबा. आत जाऊ नका. ह्ये व्रत न्हाई. चित्र काढायला मांडलंय. माजी पोरगी कॉम्प्युटर शिकत न्हाई, चित्रकला शिकती. मी खोटं बोललो. आता कुनाला काय म्हनायचं त्ये म्हना, पन नारळाला हात लावू नका."

 रतनबाईंनी ताट ह्या हातातून त्या हातात घेतलं. म्हणाल्या, "ते ठावं हाय की आमाला."

"काय ठावं हाय?"

"चित्रकला. पयल्या दिशी फसले मी, खरं हाय. दुसऱ्या दिशी आमच्या नातीनं, पायलनं मोबाइल दावला. समीक्षा रोज टाकती की त्याच्यावर चित्रं! तांब्या, नारळ, केळी... खाली कॉलेजाचं नावबी असतंय. आख्खं गाव बगतंय. तुमीच तेवडं बगत न्हाई."

निवृत्तीभाऊ स्टुलावर बसले. "मग... मग रोज फुलं कशाला टाकत व्हता?"

"आता तुमी पोरीचं बाप, तुमीच म्हनताय नऊ दिवसांचं व्रत हाय. तुमाला चारचौघांत खोटं पाडायचं व्हय? तुमची लाज राकली आमी. रोज जास्वंद तोडून माजी कंबर गेली!"

"आन् नारळ? वैनी, ठावं व्हतं तर नारळ का फोडला?"

"आता उद्यापनाला नारळ न्हाई फोडायचा तर काय फोडायचं?"

 तिकडं पोरगी तोंडावर ओढणी धरून हसत होती, कितीतरी दिवसांनी. धोंडिबाआबा म्हणाले, "आरं पन पोरगी हाय कुटं? चित्र बगू तरी!" आणि आत शिरले.

तर तुम्हाला सांगतो, तिथून पुढं त्या मांडणीला कुणी बोट लावलं नाही. शब्दाचे पक्के लोक! पण बोट लावायचं नाही म्हटलंय, बसायचं नाही असं कुठं म्हटलंय? आबा रोज सकाळी येऊन खुर्ची टाकून बसणार, ती पण खिडकीत! आबा, उजेड सोडा. आबा सरकणार आणि म्हणणार, "तांब्या जरा डावीकडं पडतोय गं." रतनबाई म्हणणार, "केळं लांबलंय." पायल म्हणणार, मागं जरा गुलाबी टाक ना. कुणीतरी घरून कढई घेऊन आली, पुढच्या खेपेला माजी मांड म्हणून. आणि सगळ्यांच्या मागं निवृत्तीभाऊ, एक डोळा मिटून, हात ताठ करून, अंगठा वरखाली... "समे, समई अर्ध्या बोटानं उंच झालीय बग." पोरगी रबर आपटणार, "पप्पा!" आणि खरं सांगू? समई उंचच झाली होती.

झाली चार चित्रं. मॅडमनी घेतली, मार्क दिले, पोरगी पास झाली आणि दुसऱ्या वर्षाचा प्रवेश पक्का झाला. मी पेढे घ्यायला गेलो, म्हटलं अभिनंदन निवृत्तीभाऊ! तर आत बघतो तो पुढच्या खोलीत ही गर्दी, आबा खुर्चीत, कढईवाली कढई घेऊन, शालनवहिनींनी चौथ्यांदा चहा ठेवलेला, आणि निवृत्तीभाऊ बाहेर पायरीवर एकटे. मला म्हणाले, "काय सांगू भाऊ... देव व्हता तवर लोक हात जोडून गप निगून जायची. आता चित्र हाय म्हनल्यावर उठतच न्हाईत. त्यापरीस व्रत बरं व्हतं की ओ! ते नऊ दिवसांत उरकलं... ह्ये अजून तीन वर्सं हाय!"